आजीचे १९७३ : घरातला इतिहास नोंदवताना

मागच्या दोन धाग्यांत आपण मोडी कागद कसे वाचतात आणि दप्तरांतील रुमाल कसे लावलेले असतात ते पाहिले. त्यावर अनेकांनी जवळजवळ एकाच शब्दांत विचारले : आमच्या घरात सनदा नाहीत, वतनाचे कागद नाहीत, वाडा नाही, मग आमच्या घराला इतिहास नाही का? हा धागा त्या प्रश्नासाठी आहे. तो लांबणार आहे आणि नेहमीपेक्षा थोडा खासगीही होणार आहे, कारण उदाहरण माझ्याच घरातले घेते आहे.

आमचे गाव आटपाडी तालुक्यातले, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला. १९४८ पर्यंत हा मुलूख औंध संस्थानात होता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे त्यांना हा माळ आणि त्यावरचा न पडणारा पाऊस वेगळा सांगायला नको. आमच्या घरात कागद म्हणून जे काही आहे ते एका पत्र्याच्या पेटीत मावते : सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा एक गठ्ठा. इतिहासाच्या वर्गात आम्हाला साधनांची वर्गवारी शिकवतात तेव्हा या पेटीतले बहुतेक कागद कुठल्याच ठळक मथळ्याखाली बसत नाहीत.

त्या दाखल्यापासूनच सुरुवात करते. बाबांची जन्मतारीख त्यावर १ जून १९६७ अशी आहे. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा खेड्यातल्या शाळेत शिकले त्यांनी घरातले दाखले काढून पाहावेत. १ जून या दिवशी महाराष्ट्रात इतकी मुले जन्मली असतील यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. शाळा जूनमध्ये उघडत असे, मुलाला घेऊन आलेल्या बापाला तारीख सांगता येत नसे, आणि मास्तर वय बसेल असे वर्ष धरून १ जून लिहून टाकीत. कागद अस्सल, शिक्का अस्सल, तारीख मात्र मास्तरांची.

आजीकडे बाबांच्या जन्माची दुसरीच नोंद आहे. ती म्हणते, “भूकंप झाला तवा ह्यो पोटात व्हता. पहाटंची उतरंड हालली आन् मी पोटाला हात लावून भाईर पळाली.” कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे साडेचारच्या आत. म्हणजे दाखल्यानुसार सहा महिन्यांचे असलेले बाबा आजीच्या सांगण्यानुसार अजून जन्मलेच नव्हते. इथे मी निःशंकपणे आजीच्या बाजूने आहे. आपण पोटुशी होतो की कडेवर मूल होते, यात बाईची गल्लत होत नाही. आणि भूकंपाची तारीख शास्त्रीय उपकरणांनी नोंदवलेली आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाची स्मृती अशा खुंट्यांवर टांगलेली असते : भूकंप, बाहत्तरचा दुष्काळ, इंदिराबाई गेल्या ते साल. या खुंट्यांच्या तारखा आपल्याला छापील मिळतात. मधले अंतर मोजायचे काम तेवढे आपले. (बाबांनी हे संशोधन हसण्यावारी नेले. निवृत्तीची तारीख दाखल्यावरच ठरते, असे ते म्हणाले.)

आता कोणी म्हणेल, आठवणी म्हणजे काही साधन नव्हे. माणसे विसरतात, वाढवून सांगतात. खरे आहे. पण मग मराठीत १८५७ बद्दल सगळ्यांत आवडीने वाचले जाणारे पुस्तक कोणते? वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’. घरच्या दारिद्र्यावर तोड म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडात सापडला, त्याने झाशीचा वेढा आतून पाहिला, आणि जवळजवळ पाव शतकानंतर, चिंतामणराव वैद्यांनी गळ घातल्यावर, आठवणीतून ते सारे लिहून काढले. छापले गेले १९०७ मध्ये, तेही वैद्यांचा हात फिरवून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. गोडसे भटजी काही ठिकाणी चुकतात, आणि अभ्यासक ते दाखवून देतात. तरीही त्या वेढ्यात पाण्यावाचून आणि अन्नावाचून माणसे कशी राहिली हे इंग्रज अधिकाऱ्यांच्या खलित्यांत शोधून सापडत नाही. वैद्यांनी विचारले नसते तर ते पुस्तक नसते. घरातला इतिहास नोंदवणाऱ्याचे काम वैद्यांचे आहे : विचारणे आणि गळ घालणे. हात फिरवणे तेवढे टाळावे.

चुकीच्या आठवणीचेही मोल असते, हे मला आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाने शिकवले. तेर्नी या पोलादी कारखान्यांच्या गावात १७ मार्च १९४९ रोजी लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. ती निदर्शने नाटो कराराविरुद्ध होती. पण काही दशकांनी पोर्तेल्ली कामगारांना विचारत फिरला तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ मधला, मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. पोर्तेल्लीने त्यांना खोडून काढले नाही. ते असे का आठवतात हे विचारले. ज्या लढ्यात आपण खरोखर हरलो, त्या लढ्याला साजेसा हुतात्मा त्यांच्या स्मृतीने चार वर्षे पुढे नेऊन बसवला होता.

आमच्याकडचे उदाहरण तितके गंभीर नाही, पण जात तीच. आमच्या गावात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, काँग्रेस गवत कुठून आले? उत्तर येईल : बाहत्तरच्या दुष्काळात मिलोच्या पोत्यांतून. मिलो म्हणजे परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी. प्रत्यक्षात या गवताची नोंद पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यालाच झालेली आहे, आणि ते आयात धान्याबरोबर आले असे मानतात. म्हणजे परदेशी धान्य बरोबर, साल चुकलेले. पण ती तांबडी भाकरी या लोकांच्या तोंडाला इतकी कडू लागली की पुढे रानात जे जे वाईट उगवले ते सगळे त्यांनी तिच्या नावावर मांडले. ही नोंद वनस्पतिशास्त्राला निरुपयोगी आहे. दुष्काळाच्या इतिहासाला मात्र तिची गरज आहे.

मराठीत हे काम मोठ्या प्रमाणावर आणि उत्तम झालेले आहे, हेही सांगायला हवे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले, १९८९ मध्ये. त्या स्त्रियांपैकी कितीकींना त्याआधी कोणी काही विचारलेच नव्हते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांचे पुस्तक केले. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे आणि ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या आता कोणालाही वाचता-ऐकता येतात. तुमची आजी दळताना ओव्या म्हणत असेल तर त्या आधी ध्वनिमुद्रित करा, बाकीचे प्रश्न नंतर. जाते गेले, तेव्हा ओवी म्हणण्याची वेळच दिवसातून नाहीशी झाली.

माझे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते बाहत्तरच्या दुष्काळावरच्या एका निबंधासाठी. त्याची रूपरेषा थोडक्यात. १९७० पासून सलग तीन वर्षे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस दगा देत गेला आणि १९७२-७३ मध्ये कळस झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने फुकट धान्य वाटण्याऐवजी मुख्यतः कामे काढली : पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते, खडी फोडणे. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, साठच्या दशकात ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिचा पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ मध्ये. ज्याँ द्रेझसारखे अर्थशास्त्रज्ञ महाराष्ट्राचा तो दुष्काळ दुर्भिक्ष टाळल्याचे उदाहरण म्हणून सांगतात. पिके बुडाली, जनावरे गेली, पण बंगालमध्ये १९४३ साली झाले तसे माणसांचे मरण इथे झाले नाही.

एवढे वाचून मी आजीसमोर बसले. पहिला प्रश्न मुद्दामच दुष्काळावर विचारला नाही. “दुष्काळ कसा होता?” असे विचारले की माणसे वर्तमानपत्रासारखी बोलू लागतात : लई हाल झाले, पाणी न्हवतं, काय सांगायचं. त्याऐवजी विचारले, “त्या वर्षी भाकरी थापताना काय होत होतं?” आजीने हात पुढे केले आणि हवेतच थापून दाखवले. मिलोचे पीठ तुटत असे, कडेला चिरा पडत, म्हणून पाणी उकळून त्यात पीठ मळावे लागे; पण उकळायला पाणी कुठले, आणि जळण कुठले? मग ती जळणावर आली, जळणावरून कामावर, कामावरून मुकादमावर. दोन तास झाले. वस्तू आणि हालचाल यांवरून विचारले की स्मृती स्वतःच्या वाटेने चालू लागते. आपण मधे न पडणे एवढेच जमले पाहिजे.

काही व्यवहाराच्या गोष्टी याच ओघात सांगते. पंखा बंद करा, तो ध्वनिमुद्रणात वादळासारखा ऐकू येतो. एकावेळी एकाच माणसाला बसवा. काका शेजारी असले की आजी त्यांच्याकडे पाहून बोलते आणि प्रत्येक गोष्टीत आजोबांचे कौतुक येते. काका रानात गेले की आजोबांचा राग येतो. दोन्ही खरेच आहे, पण वेगवेगळ्या दिवशी नोंदवले तरच दोन्ही हाती लागते. तारीख, गाव आणि खोलीत कोण कोण होते हे सुरुवातीला आपल्याच आवाजात बोलून ठेवा. लिहून काढताना आजीचे ‘व्हतं’ तसेच ठेवा, त्याचे ‘होते’ करू नका. शांतता झाली तर तीही लिहा, किती सेकंद तेही. आणि प्रत्येक ध्वनिफितीची प्रत आपल्या फोनबाहेर दुसऱ्या कुठेतरी असू द्या. फोन पाण्यात पडतात.

आजोबा त्या वर्षी गावात नव्हते. खानापूर-आटपाडीकडची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला देशभर गेलेली आहेत. दक्षिणेतल्या किंवा उत्तरेतल्या बऱ्याच मोठ्या शहरांच्या सराफकट्ट्याजवळ तुम्हाला आमच्याकडचे मराठी ऐकू येईल. दुष्काळाने ही वाट रुंद केली. आजोबा एका भावकीतल्या माणसाबरोबर कोइमतूरला गेले आणि महिन्याला मनीऑर्डर करू लागले. आजी, पाच वर्षांचे बाबा, आणि सासू-सासरे मागे राहिले. असेच मी लहानपणापासून ऐकले होते. आजीला दोन मुलगे : बाबा आणि, दुष्काळानंतरच्या वर्षी झालेले, काका.

वाटी माळ्यावर सापडली. मी नावांची भांडी काढत होते. हे साधन इतिहासकारांनी जितके वापरायला हवे तितके वापरलेले नाही असे माझे मत आहे. आपल्याकडे लग्नात, बारशात, मुंजीत भांडी देताना त्यांवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, कधी गाव आणि बहुतेक वेळा तारीख घालतात. ज्या घरात एक कागद नाही त्या घरातही दहा-बारा भांडी अशी निघतातच, आणि त्यांवरून आत्यांची लग्ने, मामांची गावे, नात्यांचा पसारा सगळा लावता येतो. मी एकेक भांडे चिंचेने घासून अक्षरे वाचत होते आणि आजी सांगत होती, हा माझ्या थोरल्या भावाचा हंडा, हे तुझ्या पणजीच्या माहेरचं ताट. मग एक लहान पितळी वाटी निघाली. मामाकडून, असे कोरलेले, एका मुलीचे नाव, आणि १९७१.

मी विचारले, “आजी, ही कोण?”

ध्वनिमुद्रणात इथे ४७ सेकंद आजीचा आवाज नाही. बाहेर शेळी ओरडते आहे. मग आजी म्हणते, “माझी ल्येक.”

ती सव्वा-दीड वर्षाची होती. पाझर तलावाचे काम घरापासून दोन कोसांवर निघाले होते. आजी तिला घेऊन जाई, बाभळीला झोळी बांधे आणि माती टाकायच्या प्रत्येक खेपेला झोळीला एक झोका देऊन पुढे जाई. कामावर सुकडी मिळत असे. ती पाण्यात भिजवून आजी तिला भरवी. पाणी टँकरचे असे, नाही आला तर डबक्यातले. चैताच्या उन्हात मुलीला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी ती गेली. चौथा दिवस आजीने घरी काढला आणि पाचव्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली, कारण मस्टरवर गैरहजेरी लागली की त्या दिवसाचा पगार बुडे, आणि घरात सासू-सासरे आणि बाबा होते.

चैत म्हणजे त्या वर्षी एप्रिल १९७३. मी पोस्टकार्डांचा गठ्ठा सोडला. गावाकडून गेलेली पत्रे अर्थातच आमच्याकडे नाहीत. ती शाळेतल्या मास्तरांकडून लिहवून घेतलेली असत आणि कोइमतुरात गेली. आजोबांची उत्तरे मात्र आहेत. एका कार्डावर टपालखात्याचा शिक्का मे महिन्याचा, साल ७३. वरच्या अर्ध्या भागात मनीऑर्डरीचा हिशेब, मग बैल छावणीत दिले की विकले याची चौकशी, मग वडिलांच्या खोकल्याला औषध. शेवटी, पत्ता लिहायच्या जागेला जवळजवळ खेटून, बारीक अक्षरांत एकच ओळ, की झाले त्याला इलाज नाही, थोरल्याला जपावे. मुलीचे नाव नाही. हे कार्ड मी पूर्वीही वाचले होते. ती ओळ मला तेव्हा बैलांविषयी वाटली होती.

१९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची झालेली होती, म्हणून मी ती शोधली. त्या वर्षांचे रजिस्टर आता मिळत नाही. म्हणजे पुरावा म्हणून एक वाटी, एक ओळ आणि आजीचा आवाज.

इथे माझ्या निबंधाचा प्रश्न आला. मी लिहीत होते की महाराष्ट्राने दुर्भिक्ष टाळले. आणि माझ्या घरात त्या उन्हाळ्यात एक मूल गेले होते. हाताशी आयती कलाटणी होती : सरकारी यशाच्या कहाणीमागे दडलेले मरण, वगैरे. असे लिहिणे सोपे असते आणि वाचणाऱ्यालाही आवडते. मी आजीलाच विचारले, “ती दुष्काळानं गेली असं म्हणू का?”

आजी म्हणाली, “दुष्काळानं न्हाई गेली. हगवणीनं गेली. पाऊसपाणी असतानाबी पोरं जात व्हतीच की. आन् काम निघालं म्हणून तुझा बाप तरी जगला.”

या उत्तरावर मी अजून विचार करते आहे. अभ्यासकाच्या नजरेने ते अचूक आहे. त्या काळी ग्रामीण भागात हगवणीने बालमृत्यू चांगल्या पावसाच्या वर्षीही होत, आणि एका मृत्यूवरून ५० लाखांच्या आकड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण डबक्यातले पाणी, दोन कोसांची चाल, मस्टर आणि कोइमतूर यांशिवाय त्या तीन दिवसांचे वर्णन करता येत नाही, आणि हे चारही दुष्काळाचे होते. मी शेवटी निबंधात दोन्ही लिहिले : आजीचे वाक्य जसेच्या तसे, आणि त्याखाली त्या चार गोष्टी. निष्कर्ष काढला नाही. मार्गदर्शकांनी समासात प्रश्नचिन्ह काढले आहे, ते मला मान्य आहे.

घरात यावर एकमत नव्हते. काका म्हणाले, पन्नास वर्षांनी उकरून काय मिळणार, म्हातारीला त्रास. त्यांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आधी ठरवून ठेवले पाहिजे की थांब म्हटले की थांबायचे, पुसून टाक म्हटले की पुसायचे. बाबांनी ते कानाला लावून एकट्याने ऐकले, आणि परत एकदा ऐकले. त्यांना बाभळीची झोळी आठवत होती, तिच्यात कोण होते ते आठवत नव्हते. ती झोळी धाकट्या भावाची असेल असेच ते इतकी वर्षे धरून चालले होते. आणि आजीने एक अट घातली : “नाव वहीत लिव. फोनवर नगं.” म्हणून ते या धाग्यात नाही.

आता दुसऱ्या बाजूबद्दल थोडे, कारण ती सहसा राहून जाते. आपण म्हाताऱ्यांना विचारतो, स्वतःचे लिहीत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि गावात होते. गलाईवाली कुटुंबे दक्षिणेतून परत येऊ लागली. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ दिवस ठेवत. त्यांच्याच भावकीतल्या माणसांनी शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर काटे टाकले. हे मी त्या आठवड्यातच लिहून ठेवले, तीन रकाने आखून : पाहिले ते, ऐकले ते, मला वाटले ते. आज तीच माणसे एकमेकांच्या लग्नात जेवतात आणि काट्यांचा विषय काढला तर म्हणतात, ते पलीकडच्या गावात झाले. पाच वर्षांत आठवण दोन किलोमीटर सरकली आहे. माझ्याकडे काटे टाकणाऱ्यांची नावेही आहेत. ती मी कोणाला दाखवलेली नाहीत, पण खोडलेलीही नाहीत. पन्नास वर्षांनी कोणी विचारलेच, तर ज्याला विचारायचे ती म्हातारी मी असेन, आणि तोवर माझे काटेही पलीकडच्या गावात गेले असतील.

तुम्ही हे करणार असाल तर लवकर करा, एवढा एकच आग्रह. आजीला आता ऐकू कमी येते. मागच्या वर्षी ज्या प्रश्नाला तिने दोन तास उत्तर दिले तोच प्रश्न यंदा विचारला तर ती “भाकरी झाली का?” असे उलट विचारते.

शेवटी हेळव्याची गोष्ट सांगते आणि थांबते. सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकाच्या सीमाभागात हेळवी येतात. घराण्यांच्या वंशावळी त्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या असतात. दर काही वर्षांनी ते येतात, पूर्वजांची नावे म्हणून दाखवतात, नवी नावे लावून घेतात आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढे जातात. पूर्वी बैल घेऊन येत, आमचा आता मोटारसायकलवर येतो. त्याच्या वहीत आमच्या घरातले अकरा पुरुष एकाखाली एक आहेत. बायकांपैकी एकही नाही, आजीसुद्धा नाही.

यंदा तो माघात आला. नावे म्हणून झाल्यावर बाबांनी सांगितले, आमच्या पिढीत एक नाव राहिले आहे, ते लावा. कोणाचे ते कळल्यावर हेळवी म्हणाला की मुलींची नावे वहीत घ्यायची रीत नाही, आणि गेलेल्या लेकरांची तर नाहीच. बाबा म्हणाले, या वेळी घ्या. तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. आजोबांच्या नावाखाली बाबा आणि काका इतके जवळजवळ लिहिले होते की मधे जागाच नव्हती. समासात लिहितो, म्हणाला, नाव सांगा. बाबांनी सांगितले.

आजी सोप्यातून म्हणाली, “ते हाक मारायचं नाव. वाटीवरलं लिवा,” आणि ती उठून आत गेली. हेळव्याने वाटी उन्हात धरून अक्षरे लावली, समासात तिरक्या ओळीत नाव उतरवून घेतले आणि एका नावाचे पायलीभर धान्य जादा मागितले. काकांनी ते घातले.